बुलढाणा जिल्ह्यात जेवायचे कुठे? शेगावच्या फलाटापासून डोणगावच्या जुन्या रस्त्यापर्यंत

ऐतिहासिक शहरात गेलेला प्रवासी मंदिर, वाडा, तळे पाहून झाले की पहिला प्रश्न विचारतो तो जेवणाचा. पुण्या-मुंबईकडे या प्रश्नाचे उत्तर पाट्यांवर लिहिलेले असते. बुलढाणा जिल्ह्यात तसे नाही. सिंदखेड राजा, मेहकर, लोणार आणि शेगाव ही इतिहासाची आणि श्रद्धेची चार ठळक ठिकाणे असलेल्या या जिल्ह्यात नावाजलेली उपाहारगृहे मोजकीच आहेत. मात्र रेल्वेचा फलाट, संस्थानची पंगत, आठवडी बाजार आणि एसटी स्थानकाबाहेरची टपरी यांच्या आधाराने येथे बाहेर खाण्याची एक भक्कम परंपरा उभी राहिली आहे. तिची वेळ, वार आणि हंगाम ठाऊक असेल तर प्रवासी तृप्त होतो. ठाऊक नसेल तर पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी खाऊन परततो आणि 'तिकडे खायला काही मिळत नाही' असे सांगत राहतो.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला आणखी एक पदर आला आहे. नागपूरहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणारा जुना रस्ता मालेगाव, डोणगाव, मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेड राजा असा गावागावांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि लांब पल्ल्याची वाहने या गावांना वळसा घालून जाऊ लागली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आता संपूर्ण जिल्हा तेथील एक घासही न खाता ओलांडता येतो. त्यामुळे बुलढाण्यात कुठे जेवायचे, हे ठरवण्याआधी महामार्गावरून खाली उतरायचे का, हे ठरवावे लागते.

घाटावर आणि घाटाखाली

जिल्ह्यातील माणूस आपल्या मुलुखाचे दोन भाग करतो: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा जिल्ह्याच्या मधून जातो. घाटाखाली शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके येतात. हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा, कापसाचा प्रदेश. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके आहेत. पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांचा हा भाग.

ताटातही हा फरक उतरतो. मलकापूरच्या बाजूला खानदेशाची सावली आहे. तेथे वांग्याचे भरीत, शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आपलीशी वाटते. सिंदखेड राजा, देऊळगाव राजाकडे मराठवाडा जवळ येतो. मेहकर, डोणगाव या पट्ट्यात वऱ्हाडी चव ठळक होते. पातोडीचा रस्सा, तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली आणि लसणाची फोडणी दिलेली अंबाडी, हिरव्या मिरचीचा ठेचा ही या पट्ट्यातील खूण होय.

शेगाव: कचोरी आणि पंगत

जिल्ह्यातील खाण्याचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ जन्माला आला तो रेल्वेच्या फलाटावर. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५०च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकण्यास सुरुवात केली. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गाड्यांतून तिची कीर्ती दूरवर गेली. आज 'शेगाव कचोरी' या नावाच्या पाट्या महाराष्ट्रातील अनेक शहरांत दिसतात.

ही कचोरी प्रवासासाठीच घडलेली आहे. ती आकाराने लहान आणि चपटी असते. मैद्याच्या पारीत मूगडाळीचे मसालेदार, कोरडे सारण भरतात. सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची मिळते. पातळ चटणी किंवा दही नसल्यामुळे धावत्या गाडीत हात खराब होत नाहीत आणि कोरड्या सारणामुळे ती घरी नेईपर्यंत टिकते. गरम कचोरी खायची असेल तर एक साधा नियम पाळावा: ज्या दुकानात कढई चालू आहे आणि ताट रिकामे होत आहे, तेथे थांबावे. पाटीवरील 'मूळ', 'जुने', 'प्रसिद्ध' ही विशेषणे वाचण्यापेक्षा कढईकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

शेगावातील दुसरे जेवण श्री गजानन महाराज संस्थानचे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज शेगावात प्रकट झाले, असे मानले जाते. उष्ट्या पत्रावळींवर उरलेली भाताची शिते वेचून खाणारा तरुण असे त्यांचे पहिले दर्शन भक्तपरंपरा सांगते. अन्न वाया जाऊ नये, हा विचार त्यामुळे या स्थानाच्या मुळाशीच आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराजांनी समाधी घेतली. संस्थानात भाविकांना महाप्रसाद विनामूल्य मिळतो. भक्तनिवासांच्या परिसरात अल्प दरात चहा, न्याहारी आणि जेवणाचीही सोय आहे.

येथील पंगत शहरी माणसाने मुद्दाम अनुभवावी अशी आहे. रांग शांतपणे पुढे सरकते, वाढप झपाट्याने होते, जागा लगेच स्वच्छ केली जाते. वाढणारे सेवेकरी हे काम सेवा म्हणून करतात. त्यांना बक्षिसी देण्याची प्रथा नाही. ताटात घेतलेले संपवावे, एवढीच अपेक्षा असते. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीचा पुण्यतिथी उत्सव या दिवशी गर्दी फार असते. अशा दिवशी दर्शन आणि प्रसाद यांसाठी पूर्ण दिवस राखून ठेवणे बरे.

महाराजांना झुणका-भाकर, कांदा, हिरवी मिरची आणि अंबाडीची भाजी प्रिय होती, अशी श्रद्धा आहे. प्रकटदिनी हा नैवेद्य घरोघरी होतो. शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणाला देवाच्या ताटात स्थान मिळाल्यामुळे या भागात झुणका-भाकरीकडे कुणी कमीपणाने पाहत नाही.

मेहकर: जुने शहर, साधी खानावळ

मेहकर हे पैनगंगेकाठचे प्राचीन नगर. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील एका 'सरकार'चे, म्हणजे महसुली विभागाचे, ते मुख्य ठिकाण होते. मेघंकर नावाच्या दैत्यावरून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. १८८८ साली येथे सापडलेली विष्णूची भव्य मूर्ती शारंगधर बालाजी म्हणून पूजली जाते. काळ्या पाषाणातील ही उंच मूर्ती पाहण्यासाठी अभ्यासक आणि भाविक दोघेही येतात.

येथे जेवायचे तर आधी शब्दांचा अर्थ समजून घ्यावा. या भागात 'हॉटेल' म्हणजे चहा-फराळाचे दुकान. मुक्कामाची सोय हवी असेल तर 'लॉज' विचारावे. पूर्ण जेवणासाठी 'खानावळ' किंवा 'भोजनालय' शोधावे. 'ढाबा' गावाबाहेर, रस्त्यालगत असतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो. पाटीवर 'सावजी' असेल तर नागपुरी धाटणीच्या झणझणीत, बहुधा मांसाहारी रश्श्याची अपेक्षा ठेवावी. गावरान कोंबडी आणि काळ्या मसाल्याचे मटण ही ढाब्यांवरील हमखास मागणी असते. श्रावणात आणि गुरुवारी मात्र अनेक ठिकाणी शाकाहाराकडे कल दिसतो.

सकाळच्या फराळात पोहे, आलूबोंडा, मिरचीभजी, समोसा आणि कचोरी हे पदार्थ असतात. मुंबईकराचा बटाटेवडा येथे आलूबोंडा होतो आणि तो पावात न घालता रस्सा किंवा कढी ओतून चमच्याने खातात. त्यासाठी सकाळची वेळ साधावी. दुपारी तोच पदार्थ मिळाला तरी तो सकाळचा असण्याची शक्यता अधिक.

भाकरी सांगावी लागते

बाहेरून आलेल्यांची निराशा होते ती भाकरीबाबत. वऱ्हाडात गेलो आणि ज्वारीची भाकरीच मिळाली नाही, ही तक्रार नेहमीची आहे. तिचे कारण स्वयंपाकघरात कमी आणि शेतात अधिक आहे. विदर्भात ज्वारी हे एकेकाळी खरिपाचे मुख्य अन्नधान्य होते. गेल्या तीन-चार दशकांत तिची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. बाजारात लगेच पैसा देणारे पीक शेतकऱ्याने निवडले. वन्य प्राणी आणि पाखरांचा उपद्रव, कणसे काळी पाडणारा परतीचा पाऊस आणि काढणीला लागणारी मजुरी यांनीही ज्वारी मागे पडली. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरातही पोळी रुळली. पूर्वी गरिबाची म्हणून ओळखली जाणारी भाकरी अशा रीतीने खानावळीत खास सांगून करवून घेण्याचा पदार्थ बनली आहे.

म्हणून जेवणाच्या किमान तासभर आधी भाकरी सांगून ठेवावी. थापणारी बाई स्वयंपाकघरात असेल तरच खानावळवाला होकार देतो. त्याने नकार दिला तर आग्रह धरू नये. घाईने केलेल्या भाकरीपेक्षा ताजी पोळी बरी. भाकरी मिळालीच तर तिच्यासोबत पिठले, ठेचा, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचे तेल मागावे. एवढ्या चार गोष्टींत वऱ्हाडचे जेवण पूर्ण होते.

या साध्या जेवणाची दखल शासनानेही घेतली होती. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. ती योजना पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत 'शिवभोजन' थाळीची योजना सुरू झाली. घराबाहेर जेवणे ही सर्वांसाठी चैन नसते. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीत आलेल्या माणसाची ती गरज असते, याची आठवण अशा योजना करून देतात.

डोणगाव: थांब्याचे गाव

मेहकरहून मालेगावकडे, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या दिशेने निघाल्यावर जुन्या महामार्गावर डोणगाव लागते. मेहकर तालुक्यातील हे मोठे गाव. पर्यटनाच्या पुस्तकात त्याचे नाव सहसा सापडत नाही. पण ज्यांनी नागपूरचा प्रवास एसटीने किंवा ट्रकने केला आहे, त्यांना अशा गावांचे महत्त्व ठाऊक असते. चालकाने गाडी थांबवायची, कढईतून नुकतीच काढलेली भजी कागदावर घ्यायची, वर मीठ लावलेली मिरची, मग चहा आणि पुन्हा प्रवास, हा क्रम या रस्त्यावर अनेक वर्षे चालत आला आहे.

अशा गावात खाण्याच्या जागेची निवड प्रवासी करीत नसे; गाडी जेथे थांबे तेथे तो खाई. टपरीवाल्याचे गणित त्यावर उभे होते. थांबणाऱ्या गाड्या किती, यावर दूध किती घ्यायचे आणि बेसन किती भिजवायचे ते ठरे. द्रुतगती मार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपण असते. त्यावर प्रवेश आणि निर्गम ठरावीक ठिकाणीच होतो. साहजिकच गावाच्या शेजारून जाणारी गाडीही गावाची गिऱ्हाईक राहत नाही. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात खाण्यापिण्याच्या आणि विश्रांतीच्या सोयी तुटपुंज्या होत्या. प्रवाशांची गैरसोय होत असताना काही किलोमीटरवरच्या जुन्या रस्त्यावर कढया गिऱ्हाइकाची वाट पाहत होत्या, असे विचित्र चित्र त्या काळात निर्माण झाले.

जुना रस्ता ओस पडलेला नाही. एसटी गाड्या, बाजारकरी, शाळकरी मुले, शेतमालाची वाहने आजही येथूनच जातात. मात्र रात्रभर चालणारा धंदा दिवसाचा होतो आणि परगावच्या गिऱ्हाइकाची जागा गावचे गिऱ्हाईक घेते. जेवणापुरते मेहकर किंवा सिंदखेड राजा येथे समृद्धीवरून खाली उतरून जुन्या रस्त्याने काही अंतर कापणाऱ्या प्रवाशाचा थोडा वेळ जातो. त्या बदल्यात त्याला ताजे अन्न मिळते आणि सलग वेगाने गाडी चालविणाऱ्या चालकाला अत्यावश्यक अशी विश्रांतीही मिळते.

हिवरा आश्रम: ट्रॅक्टरवरील महाप्रसाद

मेहकर तालुक्यातच हिवरा बुद्रुक येथे शुकदास महाराजांनी स्थापन केलेला विवेकानंद आश्रम आहे. स्वामी विवेकानंदांची जयंती येथे तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीला, उत्सवाने साजरी होते. सांगतेला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. शेतात ओळीने बसलेल्या लाखाहून अधिक लोकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुरी-भाजी पोहोचवून वाढली जाते. त्यासाठी परिसरातील गावांतून स्वयंसेवक येतात. कोणत्याही उपाहारगृहात न दिसणारे हे दृश्य पाहायचे असेल तर पंचांगात तिथी पाहून जावे आणि दुपारचे ऊन लक्षात घेऊन डोक्याला रुमाल बांधावा.

याच काळात, १२ जानेवारीला, सिंदखेड राजा येथे जिजाऊ जन्मोत्सव होतो. १२ जानेवारी १५९८ हा राजमाता जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. लखुजी जाधवरावांचा राजवाडा एरवी शांत असतो. त्या दिवशी मात्र राज्यभरातून लोक लोटतात आणि पुस्तकांच्या दुकानांबरोबर खाण्याचीही दुकाने लागतात. वाडा, लखुजींची समाधी आणि मोती तलाव निवांत पाहायचे असतील तर हा दिवस टाळावा. जेवणाची सोय एरवी बसस्थानक आणि महामार्गाच्या आसपास करावी लागते.

लोणार: आधी विवर, मग जेवण

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात तयार झालेले हे सरोवर २००० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्याने ते जगभर चर्चेत आले आणि त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. येथील खारांचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'तही आहे. साबण आणि काच यांसाठी ते वापरले जात.

येथे जेवणाची वेळ भूगोलाने ठरते. विवरात उतरणे सोपे, चढून येणे दमवणारे. भरल्या पोटी खाली जाऊ नये. सकाळी हलका फराळ करावा, पुरेसे पाणी सोबत घ्यावे, ऊन चढण्याआधी परत वर यावे आणि मग जेवावे. खाली खाद्यपदार्थ किंवा प्लॅस्टिक टाकणे हा अभयारण्यातील गुन्हा तर आहेच, शिवाय माकडांना मानवी अन्नाची सवय लावणेही घातक आहे. पर्यटन महामंडळाच्या निवासात जेवणाची सोय होऊ शकते. गावातील खानावळी साध्या आहेत. दैत्यसुदन मंदिराकडे जाण्यापूर्वी जेवण सांगून ठेवले तर परत येईपर्यंत ताजे वाढून मिळते.

हंगाम पाहून निघावे

वऱ्हाडात काय खायचे ते महिन्यावर अवलंबून असते. हिवाळ्यात भरताची वांगी, सोले, हरभऱ्याची भाजी आणि मिळालाच तर ज्वारीचा हुरडा. उन्हाळा लागण्याच्या सुमारास रोडगे: कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर चुरून खायचे. नवस फेडण्यासाठी मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाजवळ, झाडाखाली हा स्वयंपाक होतो. तो खानावळीत सहसा मिळत नाही. कुणाच्या तरी बोलावण्यानेच मिळतो. आषाढीनंतर गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव या मार्गाने येते. तेव्हा वाटेवरील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात.

प्रवाशाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुपारचे जेवण साडेअकरा ते दोन या वेळेत उरकावे. तीननंतर लहान गावांत ताजे जेवण मिळणे कठीण. सुटे पैसे जवळ ठेवावेत. तिखट कमी हवे असेल तर आधीच सांगावे, कारण 'मध्यम' या शब्दाचा वऱ्हाडी अर्थ शहरी अर्थाहून बराच तिखट असतो. पिण्याचे पाणी सोबत असावे. आठवडी बाजाराचा वार गावकऱ्यांना विचारावा. त्या दिवशी जिलेबी, भजी, शेव, गोडीशेव, फुटाणे ताजे मिळतात आणि नेहमी बंद असलेली कढईही पेटते.

दोन दिवसांची आखणी करायची तर पहिला दिवस घाटाखाली ठेवावा: सकाळी शेगावची कचोरी, दुपारी संस्थानचा प्रसाद, संध्याकाळी खामगावमार्गे मेहकर आणि रात्री सांगून ठेवलेली भाकरी. दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे २५ किलोमीटरवरचे लोणार, तेथे दुपारचे जेवण आणि परतीला सिंदखेड राजा. नागपूरकडे जाणाऱ्याने लोणारहून मेहकरला परतून डोणगाववरून जुना रस्ता धरावा. गरम भजी आणि चहासाठी तेथे अर्धा तास हाताशी असू द्यावा.